डावी बाजू बघायची राहिली

स्वस्तातली जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो गाडीभोवती फिरतो, टायरला एक लाथ मारतो, बॉनेट उघडायला सांगतो आणि आत काय बघायचं ते कळत नसल्यामुळे गंभीर चेहऱ्याने मान हलवतो. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतो, "काका, मधेच बंद तर नाही ना पडणार?"

हा प्रश्न ऐकण्यात माझी पस्तीसेक वर्षं गेली. भांडुपला माझं छोटं गॅरेज होतं. गुडघे आणि भाडं दोन्ही झेपेनासं झालं तेव्हा ते बंद केलं, पण गाडी बघून द्यायचं काम सुटलं नाही. लोक मला तावडेकाका म्हणतात. मुलुंडपासून गोवंडीपर्यंत कुणालाही दोन लाखांच्या आत गाडी हवी असली की कुणीतरी माझा नंबर देतं. मी जातो, तासभर गाडी तपासतो आणि घे किंवा नको घेऊ एवढंच सांगतो. दलालाचा चहासुद्धा पीत नाही, कारण चहा प्यायला की जीभ जड होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं की गाडी बघणं म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकणं. आवाज कुणीही दोन दिवसांपुरता गोड करून देतं. मी आधी बघतो ते दाराचं रबर. ते ओढून काढलं की आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके दिसतात. ठिपके एकसारखे नसले तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली आहे. खिशात एक लोहचुंबक असतो फडक्यात गुंडाळलेला. तो पत्र्यावरून फिरवायचा, जिथे धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटबेल्ट. तो पार शेवटपर्यंत ओढायचा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली, तरी पट्ट्याच्या गुंडाळीत आत जो चिखल बसतो तो कुणी काढत बसत नाही. पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग मातकट दिसला की मी गाडीतून उतरतो आणि घरी जातो.

हे पट्ट्याचं मी शारजात शिकलो. तरुणपणी तीन वर्षं तिथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात होतो. जहाजातून गाड्या यायच्या, कुठल्या देशात ठोकलेल्या, कुठल्या देशात बुडालेल्या. आम्ही धुऊनपुसून उन्हात उभ्या करायचो. एकदा एक फिलिपिनी बाई आली, कपड्यांच्या दुकानात कामाला होती. भाषेची बोंबच. तिने किल्ली फिरवल्यासारखा हात केला, मग दोन्ही हात हवेत सोडून दिले आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचा प्रश्नही तोच, बंद तर नाही ना पडणार? माझी भाची आता न्यूझीलंडमध्ये शिकते. तिने तिथे एक म्हातारी जपानी गाडी घेतली, तेव्हा व्हिडिओ कॉल लावून फोन गाडीखाली धरला आणि म्हणाली, "मामा, तू फक्त एवढं सांग, ही मला रस्त्यात सोडणार नाही ना?" पैसेवाला माणूस अ‍ॅव्हरेज विचारतो, सनरूफ विचारतो. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा गाडी घ्यायला पैसे नाहीत तो एवढंच विचारतो. मला त्या प्रश्नाची आधीपासूनच भीती वाटते, कारण त्याचं उत्तर मी द्यायचं आणि गाडीत तो बसणार.

एकदा मी ते उत्तर चुकीचं दिलं. आज त्याबद्दल लिहायला बसलोय.

संजय परब दिंडोशीला राहतो. कोर्टात शिपाई आहे. त्याची आई आमच्या गावाकडची, म्हणून मी तिला काकी म्हणतो. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. काकीने घरगुती डबे करून पोराला वाढवलं. तिची एकच हौस राहिलेली, गणपतीला स्वतःच्या गाडीतून गावी जायचं. संजयने कर्ज काढलं, सोसायटीतून उचल घेतली आणि कांजूरमार्गला एका दलालाच्या यार्डात एक पांढरी छोटी गाडी पसंत केली. यार्डाच्या मालकाला सगळे पिंट्याशेठ म्हणत.

अक्षय तृतीयेचा दिवस होता. संजयने मला सकाळी दहाला बोलावलं होतं. मी पोचलो तर तिथे पूजाच चाललेली. म्हणजे मी गाडी पास करायच्या आधीच काकीने बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, हार घातला होता, टायरखाली लिंबं ठेवली होती. डॅशबोर्डवर उदबत्ती लावलेली. आणि काकी स्वतः पुढच्या डाव्या सीटवर बसलेली. गुडघ्यांमुळे तिला उठवायला-बसवायला दोन माणसं लागतात. नवीकोरी नऊवारी नेसून, मांडीवर पूजेचं ताट घेऊन ती समोरच्या काचेतून बघत होती. समोर यार्डाची भिंत होती, पण तिला बहुतेक गावचा रस्ता दिसत असावा.

"दत्ता, कशी आसा रे गाडी?" तिने मला विचारलं.

"बघतो ना काकी. जरा थांब," मी म्हणालो.

मी उजवी बाजू बघितली. ड्रायव्हरचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. खालचं कार्पेट उचललं, कोरडं. सीटचे बोल्ट बघितले, गंज नाही. डिकीत स्टेपनीखाली हात घातला, तिथेही ठाकठीक. रबर बघितलं, चुंबक फिरवला, इंजिन ऐकलं. गाडीत ओलसर कुबट वास येतोय का तेही बघितलं, तर उदबत्तीचा घमघमाट. पुरातल्या गाडीचा वास महिनोन्‌महिने जात नाही, नाकच तो पकडतं. त्या दिवशी माझ्या नाकाला चंदनाशिवाय काही मिळालं नाही.

मग मी डाव्या बाजूला आलो. दार उघडं होतं. काकीने माझ्याकडे बघून हसून पदर सारखा केला. मी काय करायला हवं होतं? काकी, जरा उतर, एवढंच म्हणायचं होतं. दोन माणसांनी तिला उठवलं असतं, मी पट्टा ओढला असता, तिच्या पायाखालचं कार्पेट उचललं असतं. पाच मिनिटांचं काम. पण पूजा झालेल्या गाडीतून, साडेतीन मुहूर्तांतल्या एका दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसलेल्या म्हातारीला उठ म्हणायची माझी छाती झाली नाही. मनात म्हटलं, उजवी बाजू एवढी स्वच्छ आहे तर डावी काय वेगळी असणार? एक गाडी एका बाजूने थोडीच बुडते?

"काका, मधेच बंद तर नाही ना पडणार?" संजयने विचारलं.

"नाय रे. बिनधास्त घे," मी म्हणालो.

मधले महिने झकास गेले. संजय गाडी फक्त रविवारी काढायचा आणि फोन करून सांगायचा, "काका, मख्खन आहे मख्खन." मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, चार जणांना मी ती गाडी उदाहरण म्हणून सांगितली.

गणपतीच्या आदल्या दिवशी गोवंडीच्या कांबळे मॅडमसाठी मी परत पिंट्याशेठच्याच यार्डात गेलो. या मॅडम एका दवाखान्यात नर्स आहेत. ड्युटीच्या वेळा विचित्र, म्हणून त्यांना गाडी हवी होती. बाई एकदम स्पष्ट. मी उजवीकडचा पट्टा ओढून बघितला, कार्पेट उचललं, डिकी बघितली आणि बॉनेटकडे वळलो, तर त्या म्हणाल्या, "काका, दुसऱ्या बाजूचाही ओढा ना. मी काय छपरावर बसवणार माझ्या आईला?"

मी हसत हसत डावीकडचा पट्टा ओढला. हातभर आला, दोन हात आला, आणि मग जो भाग बाहेर आला तो मातकट होता. वाळलेला चिखल माझ्या बोटांवर भुरभुरला. मी कार्पेट उचललं. खाली पत्र्यावर गाळाची रेघ, आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशी. उजवीकडे सगळं बदललेलं होतं, डावीकडे काहीच नाही.

यार्डातला माणूस बाजूलाच उभा होता. तोही मराठीच, वयाने चाळिशीतला. त्याला लाजबीज काही वाटली नाही. म्हणाला, "काका, सगळं बदलायला परवडतं का? तुम्ही मेकॅनिक लोक येता ते ड्रायव्हरच्याच बाजूला बसता ना. मग तेवढं आणि डिकी करून घेतो आम्ही."

"या लॉटच्या किती गाड्या होत्या?" मी विचारलं.

"पाच-सहा. एकाच ठिकाणच्या. त्यातल्या पांढऱ्या अक्षय तृतीयेच्या आसपास विकल्या गेल्या."

म्हणजे संजयची गाडी त्याच लॉटमधली. अशा गाडीचं काय होतं ते सांगतो. आजकालच्या गाडीत इंजिनाला हुकूम देणारा एक डबा असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो डावीकडे असतो, पुढच्या माणसाच्या पायाजवळ, सामानाच्या खणामागे. त्याच्या जोडांत पाणी शिरलं की ते लगेच दगा देत नाहीत. महिनोन्‌महिने सडत राहतात. शहरात दोन-चार किलोमीटर फिरवलीत तर काही कळत नाही. लांबच्या रस्त्यावर तापलं, हादरे बसले, की धावत्या गाडीत इंजिन अचानक बंद. त्याबरोबर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोनदा दाबला की दगडासारखा घट्ट. सपाट रस्त्यावर एक वेळ निभावतं. उतारावर, मागे ट्रक असताना, गाडीत पाच माणसं असताना काय होतं ते मी एका-दोन वेळा क्रेनच्या मागे जाऊन बघितलेलं आहे.

आणि संजय त्या दिवशी पहाटे सहालाच निघाला होता. बायको, दोन मुलं, आणि पुढे डाव्या सीटवर काकी. त्याने निघताना फोटोही पाठवला होता.

मी तिथूनच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला काका! पेणच्या पुढे आलोय. बेक्कार ट्रॅफिक."

"गाडी कशी आहे?"

"झकास. मगाशी एकदा बंद पडली मधेच, पण लगेच चालू झाली. एसीमुळे असेल ना?"

मला एक शब्द बोलायचा होता, थांब. थांब म्हटलं की त्याने का म्हणून विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की तुझी गाडी पुरातली आहे, आणि मी ती अर्धीच बघितली होती, आणि पास केली होती. बाजूला यार्डातला माणूस ऐकत होता. पस्तीस वर्षांचं नाव होतं माझं. पेणपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत अजून बराच रस्ता आहे, असं काहीतरी डोक्यात आलं. मी म्हणालो, "एसीमुळेच असेल. एसी बंद ठेव. आणि जरा हळू जा, घाई करू नको. डावीकडून चालव."

"हो काका. गणपती बाप्पा मोरया!" म्हणाला आणि फोन ठेवला.

कांबळे मॅडम माझ्याकडे बघत होत्या. संजयच्या गाडीचं उदाहरण मी त्यांनाही दिलं होतं, त्यामुळे त्यांना सगळा प्रकार एव्हाना कळला होता.

"थांब का नाही म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी फोन खिशात घालायला लागलो.

"तावडेकाका, तुमची मुलगी असती त्या गाडीत तर हळू जा म्हणाला असतात?"

मी परत फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. त्याच्या बायकोला लावला, रिंग जाऊन जाऊन बंद झाली. दहा वेळा लावला असेल. मेसेज केला, "थांब. गाडी पुढे नेऊ नको." एकच बरोबरची खूण, ती काही दोन होईना. मॅडम म्हणाल्या, "मी बघते इथलं. तुम्ही निघा." मी मोटरसायकलला किक मारली.

एकसष्ट वर्षांच्या माणसाने गणपतीच्या गर्दीत मोटरसायकलवर पोलादपूरकडे जाऊ नये, हे मलाही कळतं. रस्ता नुसता गाड्यांनी भरलेला. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर बाप्पाचा फोटो, आत माणसं, मांडीवर मखराचं सामान. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी ट्रॅफिक जामचे आभार मानले. जाम असेल तर संजय घाटापर्यंत पोचलेला नसेल. मी गाड्यांच्या मधून वाट काढत होतो आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीत वाकून बघत होतो. लोक शिव्या घालत होते. माणगावला थांबून फोन लावला, लागला नाही. माणगावनंतर रस्ता मोकळा झाला तसा माझा धीर सुटला. मोकळा रस्ता म्हणजे त्यालाही मोकळा. पुढे घाट. बोगदा झालाय आता, पण बोगद्यात गाडी बंद पडणं मला जास्तच वाईट दिसत होतं.

महाडच्या अलीकडे एका वळणावर गर्दी दिसली. गाड्या थांबलेल्या, लोक रस्त्याच्या कडेला खाली वाकून बघतायत. आणि गटारात नाक खुपसून पांढरी गाडी. छोटी. मी मोटरसायकल स्टँडला लावली. मी तिथेच सीटला धरून उभा राहिलो. एक माणूस तिकडून परत येत होता, त्याला विचारलं, "म्हातारी बाई होती का गाडीत?"

"नाय. दोन पोरं होती कॉलेजची. हात मोडलाय एकाचा, बाकी ठीक."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कुणाच्या तरी पोराचा हात मोडला होता आणि मी देवाचे आभार मानत होतो. त्याची लाज नंतर वाटली. तेव्हा मी गाडी सुरू करून पुढे निघालो.

महाड सोडल्यावर सात-आठ किलोमीटरवर, एका हॉटेलच्या पुढे, मला ती दिसली. बॉनेट उघडं. संजय आत डोकं घालून उभा. मुलं वडापाव खात होती. आणि काकी पुढच्या डाव्या सीटवर, दार उघडं ठेवून, मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी घेऊन बसलेली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दत्ता? तू हंय खंयसून इलंस?" काकी म्हणाली.

संजय धावत आला आणि त्याने मला मिठीच मारली. "काका, परत बंद पडली. चालू गाडीत. स्टिअरिंग वळेना, ब्रेक लागेना. मागे डंपर होता. तुम्ही हळू जा म्हणालात, डावीकडून चालव म्हणालात, म्हणून चाळीसवर होतो. तशीच घरंगळत कडेला आली. डंपर हॉर्न मारत बाजूने गेला, इतका जवळून... नेहमीसारखा ऐंशीवर असतो ना काका, तर संपलं होतं सगळं."

त्याची बायको पुढे येऊन वाकली आणि माझ्या पाया पडली. भर रस्त्यावर. मी मागे सरकलो.

"काकी," मी म्हणालो, "जरा उतर. मला तुझ्या पायाखालचं बघायचंय."

संजयने आणि मी तिला धरून खाली घेतलं. मी पट्टा ओढला. शेवटचा भाग मातकट. कार्पेट उचललं आणि संजयला वाकायला सांगितलं. गाळाची रेघ, हिरवे पडलेले जोड, सगळं दाखवलं आणि सगळं सांगितलं. गाडी बुडालेली आहे, ही एक पाऊलही पुढे न्यायची नाही, यार्डात तसलीच दुसरी आज सापडली म्हणून मी धावत आलो.

संजयने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी ही बाजू बघितली नव्हती?"

"नव्हती. काकी बसली होती. पूजा झालेली. तिला उठ म्हणवेना मला."

काकी हॉटेलच्या खुर्चीवर बसली होती. तिने ऐकलं. "माका उठ म्हणान सांगूक काय झाला होता तुका?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मी म्हातारी आसंय रे, देवी नाय." मग म्हणाली, "जावंदे. येळेर सांगितलंस, पोरां वाचली. बस, चाय घे."

त्यांना मी गावाकडे जाणाऱ्या एका टेम्पोत बसवून दिलं. गाडी टो करून मुंबईला आणली. पिंट्याशेठने पैसे परत द्यायला चार महिने लावले. कांबळे मॅडम ड्युटी संपली की त्याच्या यार्डात जाऊन बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला डावा पट्टा ओढून दाखवायच्या. शेवटी त्यांनीच ते पैसे वसूल करून दिले. मी आता डाव्या बाजूनेच सुरुवात करतो. गाडीत कुणी बसलेलं असलं, नवरी असली तरी, आधी खाली उतरवतो.

संजय सगळ्यांना ती गोष्ट सांगतो. लग्नात, बारशात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. काकांनी डावी बाजू बघितली नव्हती हे तो गाळतो, मोठ्या मनाचा आहे. तो सांगतो की काकांना तिकडे मुंबईत बसून शंका आली, त्यांनी फोन करून हळू जा म्हटलं आणि आम्ही पाच जण वाचलो. मग लोक माझ्याकडे बघतात. काकी दर गणपतीला गावाहून माझ्यासाठी पानात बांधलेले मोदक पाठवते.

तो मेसेज त्यांना दुसऱ्या दिवशी गावी पोचल्यावर मिळाला. त्यांना वाटलं, फोनवर मला नुसती शंका होती, खात्री झाल्यावर मी तो मागाहून केला असेल. मी म्हणालो, हो. खरं काय झालं होतं ते फक्त कांबळे मॅडमना माहीत आहे. थांब हा शब्द माझ्या जिभेवर होता आणि मी तो गिळला, माझं नाव राहावं म्हणून. मी पाच माणसांना जाणूनबुजून पुढे जाऊ दिलं. ती वाचली ती त्यांच्या नशिबाने. मॅडम कधी कुणाला बोलल्या नाहीत, पण भेटल्या की हळूच विचारतात, "सांगितलंत का?" मी म्हणतो, सांगतो. तीन वर्षं म्हणतोय.

समोर बसून मला ते सांगता येणार नाही, हे आता कळून चुकलंय. म्हणून इथे लिहिलं. हा दिवाळी अंक संजयच्या घरी दरवर्षी येतो. त्याला कोर्टात वाचायला वेळ मिळत नाही, पण सुट्टीत दुपारी तो काकीला एकेक लेख मोठ्याने वाचून दाखवतो. माझं नाव दिसलं की हाच आधी काढेल.